डावा खिसा

चौगुलेआक्कांनी माझ्या नवऱ्याची कॉलर पकडली ती आमची ओळख व्हायच्या आधी. अजमानच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्ट बंद होती आणि अविनाश दोन मजले चढून दम खात जिन्यात उभा होता. वरून एक बुटकी, सावळी बाई भाजीची रिकामी पिशवी घेऊन उतरत होती. ती त्याच्या वरच्या पायरीवर थांबली, पिशवी काखेत मारली आणि मागून हात घालून तिनं सरळ त्याची कॉलर उलटी करून आतली पट्टी वाचली. अविनाश इतका गडबडला की म्हणाला, ''लंडनचा आहे.'' ऑफिसातल्या मित्रानं त्याला तो शर्ट तिथून आणून दिला होता आणि त्याचं आमच्या घरी बरंच कौतुक होतं. बाई म्हणाली, ''लंडनचा कशाला? मागल्या गल्लीतला हाय. आमच्या तीन नंबर लाइनीचा.''

वरून दुसरं बटण सैल निघालं. हे माझ्या हातून सुटलंच कसं म्हणून आक्का त्या बटणावर चिडल्या, शर्ट उद्या खाली पाठवून द्या म्हणाल्या आणि मग कुठं त्यांनी आमचं नाव-गाव विचारलं. मला तेव्हा ही बाई आगाऊ वाटली होती. पुढं चार वर्षं त्या आमच्या खालच्या मजल्यावर होत्या आणि त्या वाळूत मला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नव्हतं. आज वीसएक वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसले तरी माझं डोकं फिरतं. त्यात आक्कांचा काही दोष नाही. ज्यांचा आहे त्यांच्याबद्दल लिहिणारच आहे, आणि त्यात मीही आहे.

आक्का इचलकरंजीच्या. वडील मागावर कामाला, त्यामुळं कापड हे त्यांना अक्षरओळखीच्या आधी कळलेलं. कापडाची सुलट बाजू कुठली ते त्या गालाला लावून सांगायच्या. अजमान आणि उम्म अल कुवैनला तेव्हा कपडे शिवणारे कारखाने पुष्कळ होते, आणि तिथला सगळा माल युरोपात जायचा. अशाच एका कारखान्यात आक्का चेकर होत्या, म्हणजे शिवून आलेला प्रत्येक शर्ट उलटापालटा करून पास किंवा नापास करणाऱ्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचे. आखातात एकट्या राहणाऱ्या पुरुषाला बॅचलर म्हणतात, मग त्याचं लग्न झालेलं असो नाहीतर तो आजोबा असो. दादा असे अकरा वर्षं बॅचलर होते. बायकोला आणायचं तर नवऱ्याला अमुक इतका पगार लागतो आणि दादा त्या अटीत कधी बसले नाहीत. मूल झालं नाही. वर्षाकाठी एक महिना नवरा घरी, होणार कसं, असं आक्का स्वतःच तोडून टाकायच्या.

मग कारखान्याचा माणूस इचलकरंजीत शिलाईच्या बायका शोधत आला आणि आक्का स्वतःच्या व्हिसावर इथं आल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी संसार मांडला तो चाळिशीत, दुसऱ्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत, कारखान्याच्या कागदावर. तो कागद गेला की संसार गेला, हे त्या दोघांना रोज सकाळी उठल्यावर माहीत असायचं. तरी मी त्यांना कधी रडगाणं गाताना ऐकलं नाही. दादा संध्याकाळी आले की त्या त्यांना आधी ओरडायच्या, शर्टाला ग्रीस लागलं म्हणून, आणि दादा ते ओरडणं असं ऐकत बसायचे की कुणाला वाटावं रेडिओ लावलाय.

आक्कांचा राग हा सगळ्या बिल्डिंगचा विषय होता. पण तो माणसांवर नसायचा, शिलाईवर असायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाईंच्या पडद्याची दुमड वाकडी दिसली म्हणून त्या एकदा त्यांच्या घरात शिरल्या होत्या आणि पडदा उसवूनच बाहेर आल्या. ''चूक झाली की आधी आपण ओरडायचं,'' हे त्यांचं आवडतं वाक्य. ''दुसऱ्यानं ओरडल्यावर आपण ओरडलं तर त्याला रडणं म्हणत्यात.'' दुसरं एक होतं, ''शर्ट असू दे न्हाईतर सोयरिक, उलटं करून बघितल्याशिवाय घेऊ नये.'' माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, त्यामुळं तो सल्ला मला उशिरा मिळाला.

आणि लंडन. कुणी लंडनला निघालं की आधी आक्कांकडे जायचं, हा आमच्या बिल्डिंगचा रिवाज होता. त्यांनी लंडन कधी पाहिलं नव्हतं, पण माल निघायच्या आधी प्रत्येक शर्टाला तिथल्या दुकानाचं किमतीचं टिकीट त्यांच्यासमोर लागायचं आणि प्रत्येक खोक्यावर शाखेचं नाव पडायचं. कोणत्या शाखेत मोठ्या पोटाचे शर्ट जातात, कुठं गुलाबी रंग खपतो आणि कुठल्या शाखेतून माल परत येतो, हे त्यांना तोंडपाठ. क्रॉयडनची माणसं पोटानं सुटलेली आहेत आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सगळं दोन पौंडांनी चढं मिळतं, ही माहिती मला त्यांच्याकडून मिळाली.

त्यांची मुख्य आज्ञा ठरलेली होती. लंडनला जाऊन शर्ट, पँट, फ्रॉक घ्यायचे नाहीत. ''पंचवीस पौंड म्हणजे एकशेचाळीस दिरहम, म्हणजे आपले अठराशे रुपये. आणि शिवतंय कोण, तर आमचा इम्तियाज. मग इम्तियाजलाच भेटा की, जवळ पडतोय.'' तिथं जे बनतं तेच घ्यायचं. छत्री घ्यायची, कारण ज्यांच्या नशिबात पाऊस आहे त्यांना छत्री कळते. लोकर घ्यायची. बूट घ्यायचे, पण मोठ्या रस्त्यावर नाही, स्टेशनाच्या मागच्या गल्लीत. आणि स्वेटर घ्यायचा तर दानाच्या दुकानातून. हे शेवटचं ऐकून लोक दचकायचे. लंडनच्या दुकानातर्फे माल तपासायला एक मार्गारेटबाई कारखान्यात यायच्या. आक्कांनी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं होतं की तुमचा स्वेटर एवढा चांगला कुठून घेतला. बाईंनी लाजत सांगितलं की लोक जुने कपडे दान करतात त्या दुकानातून. ज्या बाईच्या सहीनं इथला माल तिथं नवा म्हणून विकला जायचा, ती स्वतः जुनं घ्यायची. आक्कांना याचा फार आनंद झाला होता आणि ही गोष्ट त्या लंडनला निघालेल्या प्रत्येकाला सांगायच्या.

आता ज्या एका शब्दानं सगळं फिरलं त्याबद्दल. कारखान्यातले बहुतेक शिंपी बिहार-युपीचे, त्यामुळं बोलणं हिंदीत. आक्कांचं हिंदी म्हणजे इचलकरंजीचं मराठी, त्याला शेवटी 'है' लावलेलं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ओव्हरटाइम लावून घाईची, विमानानं जायची ऑर्डर घेतली होती. बहुतेक जुने शिंपी सुट्टीवर, लाइनवर, म्हणजे मशिनांच्या रांगेवर, बरेचसे नवे, आणि नमुन्याचा शर्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये कुलूपबंद. त्यात आक्कांना दुसरीकडचं काम बघायला उम्म अल कुवैनच्या शाखेत पाठवायचं ठरलं. बाहेर गाडी हॉर्न देत होती. निघता निघता त्यांनी इम्तियाजला सांगितलं की जेब डावे साइड लगाना. मशिनांच्या आवाजात तो म्हणाला, ''दायें?'' आणि आक्का म्हणाल्या, ''हां हां, डावे.''

मराठी माणसाला याच्यापुढं सांगायला नको. आमचा डावा आणि त्यांचा दायाँ ऐकायला सख्खे भाऊ, पण एक या हाताला राहतो आणि दुसरा त्या. दिवसभरात बाराशे शर्टांचा खिसा उजव्या छातीवर बसला. कुणाला संशय आला नाही असं नाही. पण शर्ट इंग्रजांचा, त्यांचं काहीही असतं, असं म्हणून सगळ्यांनी शिवून टाकलं.

शनिवारी आक्कांनी पहिलं खोकं उघडलं आणि पहिल्याच शर्टाला त्या खाली बसल्या. खिसा उसवून दुसरीकडे लावावा तर त्या जाड कापडावर सुईची भोकं राहतात, म्हणजे दुरुस्तीचाही मार्ग नाही. त्यांना गप्प बसता आलं असतं. लाइनवर नवे शिंपी होते, त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण आक्का उठल्या आणि स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन ओरडल्या की माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला आणि बाराशे शर्ट वाया गेले.

मॅनेजर म्हणजे देसाई. आपलेच. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह, गणपतीत आरतीला पुढं, सोवळं नेसलेले, आवाज चांगला. त्यांनी आठवडाभरानं आक्कांना सगळ्या लाइनसमोर बोलावलं. लंडननं माल नापास केलाय, कंपनीचं नाव गेलंय, आणि याला जबाबदार असलेल्या माणसाला ठेवता येणार नाही, असं त्यांनी हिंदीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. व्हिसा रद्द. देश सोडायला तीस दिवस.

मी आक्कांकडे धावत गेले तेव्हा त्या भांडी घासत होत्या. त्यांच्या तोंडून देसाईंबद्दल एक वाकडा शब्द निघाला नाही. ''चूक माझी हाय वैनी. बाराशे म्हंजे काय थोडं झालं?'' दादा कॉटवर बसून होते. मी म्हटलं, देसाईंशी बोलू या, ते ओळखीचे आहेत, तर आक्का म्हणाल्या की ज्या शिक्षेला आपण लायक आहोत ती माफ करून घ्यायची नसते. दुसऱ्या नोकरीचं विचारलं तर दादांनीच उत्तर दिलं. एकदा व्हिसा रद्द झाला की सहा महिने तरी बंदी, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कोण बोलावतंय. इतकंच बोलून ते उठले आणि बाहेर पडले. खोलीत त्या दोघांचं सगळं सामान मिळून एक कपाट होतं, ते उघडं होतं आणि त्यातले आक्कांचे कपडे एका बाजूला काढलेले होते.

याच महिन्यात अविनाशच्या कंपनीनं त्याला दहा दिवस लंडनला ट्रेनिंगला पाठवलं आणि मलाही बरोबर जायला मिळालं. आक्कांपुढं जायची मला लाज वाटत होती, पण त्याच वर आल्या. त्यांनी नेहमीसारखी यादी सांगितली, छत्री, लोकर, दानाचं दुकान. शेवटी म्हणाल्या की आमचा माल लागतो त्या दुकानात एकदा जा, काही घेऊ नका, पण निळ्या रेघेची मागची ऑर्डर टांगली असेल, तिची कॉलर नीट बसलीय का तेवढं बघून या. जिला त्या मालापायी हाकलत होते तिला अजून मालाची काळजी होती. मला तेव्हाच रडू यायला हवं होतं. पण मी बॅग भरत होते.

लंडनला मी आक्कांच्या यादीप्रमाणे वागले आणि सुखी झाले. छत्री घेतली. दानाच्या दुकानातून करड्या लोकरीचा स्वेटर घेतला, तो अजून आहे. शेवटून दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेले. निळ्या रेघेचे शर्ट वरच्या मजल्यावर होते, कॉलरी उत्तम बसल्या होत्या. मी परत निघाले, जिना उतरले, आणि जिन्याच्या पायथ्याशी एक टेबल मांडलेलं दिसलं. त्यावर घड्या घातलेले शर्ट, आणि मध्ये एका लाकडी धडावर एक शर्ट चढवलेला. खिसा उजव्या छातीवर. बाजूला सुबक पाटी होती. तिचं मराठी करायचं तर असं होईल: डावखुऱ्यांसाठी, अखेर तुमच्या हाताचा शर्ट.

मी कॉलर उलटी केली. मेड इन यूएई. किंमत साध्या शर्टापेक्षा पाच पौंड जास्त. तिथल्या मुलीला विचारलं, तर ती उत्साहानं सांगू लागली की माल येऊन दोन आठवडे झाले, फार छान खपतोय, कल्पनाच किती वेगळी आहे, आणि मी डावखुरी आहे का. मी नाही म्हटलं. दोन आठवड्यांपूर्वी माल इथं टेबलावर लागला होता. म्हणजे देसाई लाइनसमोर उभे राहून लंडननं नापास केला म्हणत होते, तेव्हा तो पास होऊन वाटेला लागलेला होता. चूक झाली होती, पण नुकसान कुणाचंच झालं नव्हतं. झालं होतं ते एकटीचं, आणि तिचं ते ठरवून केलं होतं.

मी आज्ञा मोडली आणि एक शर्ट विकत घेतला. विमानात अविनाश म्हणाला, आपण कशाला मध्ये पडायचं. मी त्याच्याशी अजमानपर्यंत बोलले नाही.

आक्कांचे दहा दिवस उरले होते. मी आल्या दिवशीच संध्याकाळी शर्ट घेऊन देसाईंच्या घरी गेले. आपलाच माणूस, घरी जाऊन बोललं तर ऐकेल, असं मला वाटलं. त्यांच्या मिसेसनी हसून दार उघडलं, चहा आला, चिवडा आला. मी पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला. देसाई काही बोलायच्या आत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, ''मॉम, लुक, द लेफ्टी शर्ट!''

घरात त्याला नावसुद्धा पडलं होतं.

मुलाला आत पाठवून देसाईंनी मला शांतपणे समजावलं. त्यांचा आवाज खरोखरच चांगला होता. म्हणाले, ''बायरच्या कुणाला तरी ती आयडिया सुचली, लक म्हणा. पण चूक ती चूकच ना वहिनी. आणि मी लाइनसमोर शब्द देऊन बसलोय. आता फिरवला तर उद्या माझं कोण ऐकणार?'' तिच्या जागी दुसऱ्या बाईचा व्हिसाही टाकलाय, आता खलास, असं म्हणून त्यांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. मी पुष्कळ बोलले. चांगल्या शब्दांत, मुद्देसूद, वहिनीला शोभेल असं. देसाई मान हलवत राहिले. निघताना त्यांच्या मिसेसनी हळदीकुंकू लावलं. खाली येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की मी कप रिकामा करून आले होते.

मग मी आक्कांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शर्ट हातात घेतला, उलटा केला, खिशाच्या कोपऱ्यांचे टाके नखानं ओढून पाहिले. टाके पक्के होते. पाटीवर काय लिहिलं होतं ते त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा हसतील. ''देसाईंकडं आधी गेलात?'' त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ''मला न इचारता?'' आक्कांनी शर्टाची घडी घातली. ''त्यांनी चहा दिला असंल.'' मी मान हलवली. ''प्यालात?''

चार वर्षांत आक्का माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या. त्या दिवशी चिडल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ''भांडण माझं हुतं वैनी. माझ्या नावाचं. त्यांच्या दारात उभं राहून मी ते केलं असतं. तुम्ही ते सोफ्यावर बसून चहात बुडवून आलासा. आता मी काय घेऊन जाऊ तिथं?'' मला म्हणायचं होतं की मी तुमच्यासाठीच गेले होते. ते खरं होतं, म्हणूनच बोलायची सोय नव्हती.

तरी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, शर्ट घेऊन, सरळ लाइनवर. पुढचं मला दादांकडून कळलं आणि दादांना इम्तियाजकडून. आक्का मधल्या वाटेत उभ्या राहिल्या, शर्ट डोक्यावर धरला आणि त्यांच्या त्या हिंदीत सगळ्यांना सांगितलं की माल नापास झाला नव्हता, लंडनच्या दुकानात टेबलावर मांडलाय. देसाई केबिनमधून बाहेर आले. आक्का म्हणाल्या की मला नोकरी नको, व्हिसा नको, फक्त माल पास झाला एवढं सगळ्यांसमोर बोला, मग मी जाते. मशिनी थांबल्या होत्या. देसाई म्हणाले, ''यल्ला, काम करो सब.'' मग वॉचमनला बोलावलं. वॉचमन पठाण होता, वर्षानुवर्षं आक्कांच्या हातची भाकरी खाल्लेला. तो आला आणि हात मागे बांधून उभा राहिला, पण त्यानं त्यांना हात लावला नाही. इम्तियाज उठून म्हणाला की आक्काजींनी डावाच म्हटलं होतं, मीच दायाँ ऐकलं. तेव्हा आक्कांनी त्यालाही दटावलं, तू गप्प बस, तुझी नोकरी आहे. पाच मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या. देसाई बोलले नाहीत. आक्का चालत घरी आल्या.

एक वाक्य होतं. फुकटचं. त्यानं देसाईंच्या खुर्चीचा एक स्क्रूही ढिला झाला नसता. एवढं वाक्य त्या बाईला द्यायला त्यांना जड गेलं, याचा मला व्हिसा रद्द केल्यापेक्षा जास्त राग येतो. पोटासाठी माणसं वाईट वागतात हे मी समजू शकते. हे पोटासाठी नव्हतं.

शारजाच्या विमानतळावर दुपारी मी आणि दादा त्यांना सोडायला गेलो. दादांनी गॅरेजमधून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. नवरा-बायको एकमेकांशी सिलेंडरबद्दल बोलत होते, नवा कधी आणायचा, खोली सोडताना घरमालकिणीला परत द्यायचा का ठेवायचा. कारण खोली आता सुटणारच होती. दादा परत सहा जणांच्या खोलीत एका कॉटवर जाणार होते. शेवटी आक्कांनी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, ग्रीस नव्हतं, तरी काहीतरी ओरडल्या. दादा नेहमीसारखे ऐकत राहिले. या वेळी त्यांना वर बघता आलं नाही.

मग आक्का माझ्याकडे वळल्या. दहा दिवस त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. त्यांनी माझा दंड धरला. ''झालं ते झालं. एक ऐका. त्या घरात परत चहा पिऊ नका.'' मी म्हटलं, ''नाही पिणार आक्का.'' त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या.

दादा पुढं सहा वर्षं अजमानला बॅचलर राहिले. शुक्रवारी मासळी बाजारात कधी दिसायचे, एकट्यापुरतं घेताना. मधल्या काळात युरोपचे नियम बदलले, काम दुसऱ्या देशांत गेलं आणि तो कारखाना बंद पडला. देसाई एका मोठ्या कंपनीत आणखी वरच्या खुर्चीवर गेले. अशांचं काही बिघडत नाही. मंडळानं त्यांना अध्यक्ष केलं.

मी दोन गणपती त्यांचं घर टाळलं. एकदा ताप, एकदा पाहुणे. तिसऱ्या वर्षी सजावटीचं काम माझ्याकडे आलं आणि मीटिंग त्यांच्याच दिवाणखान्यात ठरली. अविनाशनं तेव्हा स्वतःचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा सुरू केला होता आणि देसाईंची नवी कंपनी त्याला काम देणार होती. मिसेस देसाईंनी ट्रे माझ्यापुढं धरला. बारा बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी घेतला होता. मला नको म्हणता आलं असतं. ॲसिडिटी म्हणता आलं असतं. मी कप उचलला, प्याले, आणि साखर बेताची आहे असंही म्हणाले. त्यानंतर किती वेळा प्याले ते आता आठवत नाही.

आक्का इचलकरंजीहून महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायच्या. दादा गावी परत गेल्यावर त्यांच्या आवाजात थोडा ओलावा आला होता, पण दादांना शर्टावरून ओरडणं चालूच होतं, ते फोनवरही ऐकू यायचं. त्या माझ्या मुलीचं विचारायच्या, पडद्यांचं विचारायच्या, लंडनला कोण चाललंय का ते विचारायच्या, आणि कुणी चाललं असेल तर यादी नव्यानं सांगायच्या. गेल्या श्रावणात त्या गेल्या. दादांनीच कळवलं.

इतक्या वर्षांत त्यांनी मला चहाचं कधी विचारलं नाही. पहिली काही वर्षं मी प्रत्येक फोनला त्या प्रश्नाची वाट बघत बसायचे आणि उत्तर तयार ठेवायचे. मग मला वाटू लागलं की त्या विसरल्या असतील. पण एकदा वाकडा दिसलेला टाका आक्का विसरत नसत. त्यांनी विचारलं नाही, कारण विमानतळावर मी नाही पिणार म्हटलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.